परदेशात घेतलेला हिरा बिलापेक्षा हलका निघाला तर परत कसा करायचा?

बिलावर ‘जी रंग, व्हीएस-२’ अशी हिऱ्याच्या रंगाची आणि स्वच्छतेची प्रत लिहिलेली असते. घरी परतल्यावर एखादा जाणकार पारखी भिंगातून बघतो आणि सांगतो, की रंग ‘के’च्याही खाली आहे आणि आतली चीर तर नुसत्या डोळ्यांना दिसते. दुकान मात्र दुसऱ्या देशात. अशा वेळी काही जण नशिबाला दोष देत अंगठी कपाटात टाकतात, तर काही जण तिरमिरीत पार्सल करून ती दुकानाच्या पत्त्यावर पाठवून देतात. माझ्या मते दुसरी चूक पहिलीपेक्षा मोठी. वस्तू हातातून गेली की पुरावाही तिच्याबरोबर जातो. उद्या दुकानदार म्हणाला, ‘आम्ही विकलेला खडा हा नव्हेच’, तर तुमच्याजवळ बोलायला काही उरत नाही. पार्सल करण्याची वेळ अगदी शेवटी येते. त्याआधीची कामं जास्त महत्त्वाची आहेत आणि त्यांचा क्रमही महत्त्वाचा आहे.

प्रत खरंच चुकली आहे का?

हिऱ्याची प्रत चार गोष्टींवर ठरते: वजन, रंग, स्वच्छता आणि पैलूंची घडण. वजन तराजू सांगतो. एक कॅरट म्हणजे ०.२ ग्रॅम. बाकीच्या गोष्टींत, विशेषतः रंग आणि स्वच्छता ठरवताना, माणसाची नजर येतेच. आज जगभर चालणारी मोजपट्टी अमेरिकेतल्या जीआयए या संस्थेने १९५०च्या दशकात रूढ केली. तिच्यात रंग ‘डी’पासून ‘झेड’पर्यंत मोजतात. ‘डी’ म्हणजे अगदी रंगहीन, पुढे पिवळसर किंवा तपकिरी छटा वाढत जाते. (त्याआधी व्यापारात ‘ए’, ‘बी’, ‘सी’ ही अक्षरं इतकी मनाला येईल तशी वापरली जात होती, की संस्थेने ती बाजूला ठेवून ‘डी’पासूनच सुरुवात केली.) स्वच्छतेच्या ११ पायऱ्या आहेत आणि त्या दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगाखाली ठरतात. वर निर्दोष हिरे, मग व्हीव्हीएस, व्हीएस, एसआय असं उतरत शेवटी आय-३ येतो, ज्यातले दोष लपतच नाहीत.

एकाच उत्तरपत्रिकेला एका परीक्षकाने ६२ आणि दुसऱ्याने ६५ गुण दिले, तर कोणी फेरतपासणी मागत नाही. एकाने ६५ आणि दुसऱ्याने ३५ दिले, तर मागतात. हिऱ्याच्या प्रतीचंही तसंच आहे. ‘जी’चा ‘एच’ निघाला किंवा व्हीएस-२ ऐवजी एसआय-१ म्हटलं गेलं, तर तो नजरेचा फरक असू शकतो. तेवढ्यावर परतीचा दावा सहसा टिकत नाही. फरक तीन-चार पायऱ्यांचा असेल, वजन कमी भरत असेल, तर गोष्ट वेगळी. चीर काचेसारख्या पदार्थाने भरून झाकली असेल, किंवा प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा खाणीतला म्हणून विकला असेल, तर तो प्रतीचा वाद राहतच नाही. ती सरळ दुसरीच वस्तू आहे, आणि दावा करायला सगळ्यात भक्कम प्रकरण तेच.

वजनाचीही एक खोच आहे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनच्या मार्गदर्शक सूचनांनुसार दशांशात लिहिलेलं वजन शेवटच्या आकड्यापर्यंत खरं हवं, ०.३० कॅरट म्हटलं तर खडा ०.२९५ ते ०.३०४ यांच्या दरम्यान हवा. ‘पाव कॅरट’, ‘अर्धा कॅरट’ असं अपूर्णांकात सांगितलेलं वजन मात्र ढोबळ असू शकतं. तेव्हा बिलावर वजन कसं लिहिलंय, ते आधी बघा.

आणि सर्टिफिकेट कोणाचं आहे, तेही. सगळ्या प्रयोगशाळा तीच अक्षरं वापरतात, पण सगळ्यांचा हात सारखा कडक नसतो. हे काही कुजबुजीतलं ज्ञान नाही. रॅपनेट या हिऱ्यांच्या मोठ्या व्यापारी जाळ्याने ऑक्टोबर २०१४पासून ईजीएल या प्रयोगशाळेचे रिपोर्ट असलेले हिरे यादीत घेणंच बंद केलं, कारण त्या रिपोर्टांतली प्रत आणि जीआयएच्या मोजपट्टीतली प्रत यांच्यातलं अंतर फारच वाढलं होतं. तुमच्या दागिन्यासोबत एखाद्या सैल प्रयोगशाळेचा खरा रिपोर्ट असेल, तर दुकानदार म्हणेल, ‘आम्ही रिपोर्टप्रमाणेच विकलं, भांडण प्रयोगशाळेशी आहे.’ अशा वेळी बिलाची भाषा निर्णायक ठरते. ‘रंग जी’ असं दुकानाने स्वतःच्या शब्दात लिहिलं असेल, तर जबाबदारी त्याची. ‘अमुक प्रयोगशाळेच्या रिपोर्टनुसार’ असं लिहिलं असेल, तर तुमची बाजू बरीच लंगडी होते. किमतीचा अंदाज देणारं चकचकीत व्हॅल्युएशन तर प्रतीचा पुरावाच नव्हे. ते विम्यासाठी असतं आणि बहुधा फुगवलेलं असतं.

कोंदणातला हिरा पूर्ण बोलत नाही

इथे बहुतेकांची गल्लत होते. हिरा कोंदणात असताना त्याची नेमकी प्रत ठरवता येत नाही. पकडीचे काटे कडा झाकतात, पिवळं सोनं खड्यात आपली छटा उतरवतं, तराजूवर नुसता खडा ठेवता येत नाही. म्हणून जीआयए हिऱ्याचा प्रतवारी रिपोर्ट सुट्या हिऱ्यालाच देते. आयजीआयसारख्या प्रयोगशाळा जडवलेल्या दागिन्याचेही रिपोर्ट देतात, पण त्यांत प्रत बहुधा ‘जी ते एच’ अशा पट्ट्यात येते आणि वजन अंदाजे असतं. गोल हिऱ्याचा अंदाज काढायची रीत सोपी आहे: मिलिमीटरमधल्या व्यासाला व्यासानेच गुणा, त्याला उंचीने गुणा, मग ०.००६१ने गुणा. ६.५ मिमी व्यास आणि ४ मिमी उंची असेल तर उत्तर येतं साधारण १.०३ कॅरट. बिलावर १.२५ लिहिलं असेल, तर शंका घ्यायला हरकत नाही.

मग खडा काढूनच तपासावा, असं वाटतं. थांबा. दुकानाच्या लेखी संमतीशिवाय खडा काढला, अंगठीचं माप बदललं किंवा नुसतं पॉलिश करून घेतलं, तरी ‘वस्तू मूळ स्थितीत नाही’ हे कारण तुम्हीच दुकानदाराच्या हातात देता. शिवाय चीर भरलेला हिरा असेल आणि माप बदलताना त्यावर ज्योत फिरली, तर आतलं भरण खराब होतं. मग ते तुमच्यामुळे झालं की आधीपासून होतं, हा वाद कधी संपत नाही. तोवर दागिना घालूही नका.

पहिली तपासणी कोंदणातच करून घ्या, आणि ती अशा रत्नतज्ज्ञाकडून ज्याला या व्यवहारात काही विकायचं नाही. ‘हा हिरा वाईट आहे, माझ्याकडे याहून चांगला आहे’ असं म्हणणाऱ्याचं मत पुरावा म्हणून कुचकामी ठरतं. तज्ज्ञाकडून लेखी घ्या: रंग आणि स्वच्छता कोणत्या पट्ट्यात, मापं मिलिमीटरमध्ये दोन दशांशांपर्यंत, पूर्ण दागिन्याचं वजन ग्रॅममध्ये, सोन्यावरचे शिक्के, आणि आतल्या दोषांचे भिंगाखालचे फोटो. आतले दोष म्हणजे खड्याची ओळखच. दुसऱ्या कुठल्याही हिऱ्यात तेच दोष त्याच जागी सापडायचे नाहीत. पुढे कोणी ‘खडा बदलला’ म्हणालं, तर हे फोटोच कामी येतात.

पेनासारख्या छोट्या टेस्टरवर विसंबू नका. नुसती उष्णता मोजणारे टेस्टर हिऱ्यासारख्या दिसणाऱ्या मोइसनाइट या खड्याला हिरा समजतात. प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा तर रचनेने खराच हिरा, त्यामुळे तो अशा टेस्टरवर सहज पास होतो. तो ओळखायला प्रयोगशाळेतली यंत्रं लागतात.

रिपोर्टचा नंबर प्रयोगशाळेच्या साइटवर टाकून बघा, आणि हिऱ्याच्या कडेवर लेझरने कोरलेला नंबर तोच आहे का, तेही भिंगातून पाहून घ्या. पण नंबर जुळला म्हणून निर्धास्त होऊ नका. प्रयोगशाळेत वाढवलेल्या हिऱ्यावर खाणीतल्या दुसऱ्याच हिऱ्याच्या खऱ्या रिपोर्टचा नंबर कोरल्याची प्रकरणं जीआयएकडे आली आहेत. नंबरापेक्षा मापं आणि आतल्या दोषांचा नकाशा ताडून पाहणं जास्त भरवशाचं.

दुकानाला काय लिहायचं

फोनवर भांडू नका. बोललेलं हवेत जातं. ईमेल लिहा आणि भाषा थंड ठेवा. ‘तुम्ही फसवलं’ असं लिहायची गरज नाही. ‘वस्तू बिलावरच्या वर्णनाशी जुळत नाही’ एवढं पुरतं, आणि कायद्यालाही तेवढंच लागतं. समाजमाध्यमांवर दुकानाचं नाव घेऊन आगपाखड करणं तर पूर्ण टाळा. थायलंड, संयुक्त अरब अमिराती अशा काही देशांत बदनामी हा फौजदारी गुन्हा आहे. तुम्ही पुन्हा त्या देशात उतरलात, तर हिरा राहील बाजूला.

मजकूर साधारण असा असावा: ‘अमुक तारखेला, अमुक क्रमांकाच्या बिलावर मी ही अंगठी घेतली. बिलावर खडा जी रंग, व्हीएस-२ असा नोंदवला आहे. स्वतंत्र रत्नतज्ज्ञाच्या सोबतच्या अहवालानुसार तो के ते एल रंगाचा आणि आय-१ स्वच्छतेचा आहे. मला वस्तू परत करून पूर्ण रक्कम हवी आहे. आपल्याला खात्री करायची असल्यास दोघांना मान्य असलेल्या प्रयोगशाळेत खडा काढून तपासायला माझी तयारी आहे. त्यासाठी आपली लेखी संमती आणि खर्च कोण देणार ते कळवावं. अमुक तारखेपर्यंत उत्तराची अपेक्षा आहे.’

यातला प्रयोगशाळेचा मुद्दा मला सगळ्यात उपयोगी वाटतो. प्रामाणिक दुकानदाराला तो सोयीचा पडतो, कारण तुम्ही खडा बदलला असेल ही त्याची भीतीही जाते. खडा दुकानात न जाता आधी त्रयस्थ प्रयोगशाळेत जातो आणि तिचा निकाल दोघांनी मान्य करायचा, हे आधीच ठरलेलं असतं. टाळाटाळ करणारा दुकानदार इथेच ओळखू येतो. तो म्हणतो, ‘आधी पाठवा, मग बघू.’ या वाक्यावर काही पाठवू नका. पाठवण्याआधी लेखी उत्तरात चार गोष्टी हव्यात: परत घेणार हे मान्य, किती रक्कम, कोणत्या मार्गाने, आणि पार्सल मिळाल्यावर किती दिवसांत. पत्ता बिलावरचाच हवा, कुणाच्या घरचा नको. ‘रिफंड सुटण्यासाठी आधी कर भरा’ असा मेल आला, तर तो दुकानाचा आहे की मध्येच घुसलेल्या भामट्याचा, हे बिलावरच्या फोन नंबरवर विचारून खात्री करून घ्या.

कायदा किती साथ देतो

‘युरोपात १४ दिवसांत काहीही परत करता येतं’ हे अर्धसत्य आहे. तो हक्क ऑनलाइन किंवा दुकानाबाहेर केलेल्या खरेदीसाठी आहे. दुकानात उभं राहून घेतलेल्या अंगठीला तो लागू नाही. मात्र वस्तू वर्णनाशी जुळत नसेल, तर वेगळा हक्क आहे. युरोपियन युनियनमध्ये विक्रेता किमान २ वर्षं त्यासाठी जबाबदार असतो. ब्रिटनमध्ये २०१५च्या ग्राहक हक्क कायद्याने अशी वस्तू ३० दिवसांत थेट नाकारून पूर्ण पैसे मागता येतात. ते दिवस गेले, की आधी दुरुस्ती किंवा बदली द्यायची संधी विक्रेत्याला मिळते. म्हणून मन बदललं म्हणून परत, आणि वर्णन चुकलं म्हणून परत, या दोन गोष्टी पत्रात कधीही एकत्र करू नका. ‘शिवाय डिझाइनही आवडलं नाही’ असं एक वाक्य तुमचा दावा पातळ करतं.

दाद मागायच्या जागा पर्यटकाला थोड्याच असतात. युरोपियन ग्राहक केंद्रांचं जाळं फक्त तिथल्या रहिवाशांची प्रकरणं घेतं. ‘ईकन्झ्युमर’ या आंतरराष्ट्रीय पोर्टलवर तक्रार नोंदवता येते, पण ते तुमचे पैसे मिळवून देत नाही. त्या नोंदींचा उपयोग तपास यंत्रणांना होतो. सिंगापूरमध्ये पर्यटकांचे दावे छोट्या दाव्यांच्या न्यायाधिकरणापुढे लवकर ऐकण्याची सोय आहे. तुमच्या देशाचं दूतावास मात्र यात पडत नाही, तिथे वेळ घालवू नका.

कार्डाचं घड्याळ

क्रेडिट कार्डाने पैसे दिले असतील, तर खरा आधार बँकेचा आहे. व्हिसा आणि मास्टरकार्ड यांच्या नियमांत ‘वस्तू वर्णनाप्रमाणे नाही’ या कारणासाठी चार्जबॅकची, म्हणजे बँकेमार्फत दुकानाकडून पैसे परत घेण्याची सोय आहे आणि त्याची मुदत साधारण १२० दिवसांची. बँकेची स्वतःची मुदत त्याहून कमी असू शकते, म्हणून पहिल्याच आठवड्यात विचारून ठेवा. दुकानदाराचा ‘पुढच्या महिन्यात मालक परदेशातून आले की बघतो’ हा सूर ऐकत बसलात, तर हे दिवस तिथेच संपतात. काही वेळा ते मुद्दाम संपवले जातात.

चार्जबॅकसाठी बँक दोन गोष्टी विचारते: दुकानाशी आधी प्रयत्न केला का, आणि वस्तू परत केली किंवा परत करायची तयारी दाखवली का. वरचा ईमेल दोन्हींचा पुरावा आहे. नुसतं ‘हिरा चांगला नाही’ म्हटलं तर ते बँकेला नापसंतीसारखं ऐकू येतं. बिलावरची ओळ आणि तज्ज्ञाच्या अहवालातली ओळ एकाखाली एक ठेवून पाठवा. रोखीने पैसे दिले असतील, तर हा दरवाजा बंद. मग सगळी भिस्त दुकानाशी झालेल्या पत्रव्यवहारावर.

आता पार्सल

जागतिक टपाल संघाच्या नियमांत मौल्यवान खडे आणि दागिने साध्या, विमा नसलेल्या पत्रटपालात घालायला सर्वसाधारणपणे मनाई आहे. अनेक कुरिअर कंपन्याही दागिने घेत नाहीत, किंवा घेतले तरी भरपाईची मर्यादा अगदी तोकडी ठेवतात. काउंटरवरचा माणूस पार्सल हसत घेतो आणि अट मागच्या बारीक अक्षरांत असते. विमानाने गेलेल्या मालाला १९९९चा माँट्रियल करार लागू होतो, आणि त्यातली भरपाई वजनावर ठरते: डिसेंबर २०२४पासून किलोमागे २६ एसडीआर, म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या हिशेबी एककात. पाव किलोच्या डबीचे ६.५ एसडीआर झाले. आत हिरा होता की साबण, याने फरक पडत नाही. म्हणून जास्त किंमत आधी जाहीर करून वेगळा विमा घेणं आणि त्या विम्यात ‘दागिने’ वगळलेले नाहीत ना, हे लेखी विचारणं आवश्यक आहे. मोठ्या किमतीच्या दागिन्यांसाठी ब्रिंक्स, मल्का-अमित अशा मौल्यवान मालाच्या खास वाहतूक कंपन्या आहेत. खर्च येतो, पण तो कोण देणार हे दुकानाशी आधीच ठरवता येतं.

पॅकिंगचा सलग, मध्ये न तोडलेला व्हिडिओ काढा: दागिना तराजूवर, भिंगाखाली कडेवरचा नंबर, डबी, सील, पावती. खोक्यावर बाहेरून ‘दागिने’, ‘ज्वेलर’ असे शब्द नकोत. कस्टम्सच्या कागदांवर मात्र सगळं खरं लिहायचं. किंमत कमी दाखवायचा सल्ला कधी दुकानदारच देतो. तो ऐकला तर कस्टम्सची खोटी माहिती तुमच्या सहीने जाते आणि हरवल्यास विमाही तेवढ्याच रकमेचा मिळतो. फॉर्मवर ‘परत केलेला माल’ असं लिहून मूळ बिलाची आणि दुकानाच्या संमतीची प्रत जोडा. युरोपियन युनियनसह अनेक ठिकाणी तिथून गेलेला माल ३ वर्षांच्या आत आणि त्याच स्थितीत परत आला, तर त्यावर पुन्हा आयात शुल्क लागत नाही. पण ही सवलत दुकानाला मागावी लागते, म्हणून त्याला आधी कळवा. (संघर्षग्रस्त भागांतल्या हिऱ्यांचा व्यापार रोखण्यासाठीच्या किंबर्ली प्रक्रिया या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेचं प्रमाणपत्र लागतं का, असं काही जण विचारतात. ते फक्त कच्च्या हिऱ्यांसाठी असतं, पैलू पाडलेल्यांसाठी नाही.)

दागिना आणताना तुम्ही स्वतःच्या देशात शुल्क भरलं असेल, तर माल परत गेल्यावर ते पूर्ण किंवा बरंचसं परत मिळण्याची तरतूद अनेक देशांत असते. अट बहुधा एकच: पाठवण्याआधी कस्टम्सने वस्तू बघून हीच ती, याची नोंद केली पाहिजे. पार्सल निघून गेल्यावर अर्ज केला तर हात हलवत यावं लागतं. स्वतः घेऊन जाणार असाल, तर निघताना विमानतळावर नोंद करून पावती घ्या. दुसऱ्या प्रवाशाच्या हाती पाठवणं हा मात्र सगळ्यात वाईट मार्ग. त्याला अडवलं तर वस्तू कोणाची, हे तो कसं सिद्ध करणार?

पैसे परत येताना हिशेब थोडा वाकडा दिसतो, त्याने दचकू नका. विमानतळावर पर्यटक म्हणून व्हॅटचा परतावा घेतला असेल, तर दुकान तेवढी रक्कम वजा करून देईल, आणि ते बरोबर आहे. कार्डावर रिफंड येतो तो त्या दिवसाच्या विनिमय दराने, त्यामुळे भरलेली आणि परत आलेली रक्कम आपल्या चलनात तंतोतंत जुळत नाही, आणि बँकेने खरेदीच्या वेळी लावलेलं परकीय चलनाचं शुल्क बहुधा परत येत नाही. दुकानाने त्याऐवजी बदली दागिना किंवा क्रेडिट नोट देऊ केली, तर त्या बदलीच्या हिऱ्याची तपासणीही त्याच त्रयस्थ प्रयोगशाळेत, सुट्या खड्याची, कोंदणात बसवण्याआधी करून मागा.